तक्रार करणाऱ्याला एक गुण : ब्रिटनमधील नोकरभरती, वंशभेद आणि आकसाचा इतिहास

मुलाखत देऊन आलेला आपला मुलगा "मला जातीमुळे घेतलं नाही" असे म्हणाला की समोरून पहिला प्रश्न येतो, पुरावा काय? हा प्रश्न फक्त सवर्णच विचारतात असे नाही. घरातले विचारतात, वस्तीतले विचारतात, कधी कधी आपल्या संघटनेतलेही विचारतात. त्याच्या पाठोपाठ सल्ला येतो: जाऊ दे, तक्रार करून नाव कशाला खराब करून घेतोस, उद्या दुसरीकडेही उभे करणार नाहीत.

वस्त्यांमधून काम करताना ही दोन वाक्ये आम्ही इतक्या वेळा ऐकली आहेत की त्यांचा इतिहास शोधावासा वाटला. पहिले वाक्य पुराव्याचे आहे, दुसरे सूडाचे. भरतीतल्या भेदभावाविरुद्ध जगात कुठेही कायदा होवो, तो या दोन ठिकाणी अडतो. मुलाखतीच्या बंद खोलीत काय झाले ते सिद्ध कसे करायचे? आणि सिद्ध करायला निघालेल्या माणसाला वाचवायचे कसे?

या दोन्ही प्रश्नांवर ब्रिटनमध्ये साठ वर्षे भांडण चालू आहे. तिथे ते वंशाच्या नावाने झाले. भांडणाऱ्यांत भारतीय पुष्कळ होते, आणि अलीकडे त्याच भांडणात जातही येऊन उभी राहिली. ब्रिटनचे गोडवे गाण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. ज्या साम्राज्याने आपल्याच मुलखात महारांची सैन्यभरती बंद केली त्याचे गोडवे आम्ही काय गाणार? पण तिथल्या काळ्या आणि आशियाई माणसांनी तो कायदा कसा ओढून काढला आणि राज्यकर्त्यांनी तो पुन्हा कसा ढिला केला, हे आपल्या तरुणांना माहीत असले पाहिजे.

सुरुवात बसपासून करू. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामगार कमी पडू लागले. लंडन ट्रान्सपोर्टने १९५६ पासून थेट बार्बाडोसमध्ये जाऊन भरती केली. त्याच देशातल्या ब्रिस्टल शहरात मात्र बस कंपनी काळ्या किंवा आशियाई माणसाला ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेत नव्हती. वर्कशॉपमध्ये चालत होता, कँटीनमध्ये चालत होता, बसवर चालत नव्हता. आणि हे एकट्या मालकाचे पाप नव्हते. वाहतूक कामगारांच्या युनियनच्या स्थानिक शाखेने १९५५ मध्ये ठराव केला होता की 'रंगीत' माणसांना बसवर घेऊ नये. कामगार एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांनी हे वाक्य जरा सावकाश वाचावे.

एप्रिल १९६३ मध्ये पॉल स्टीफन्सन या कार्यकर्त्याने गाय बेली या अठरा वर्षांच्या तरुणासाठी कंपनीत मुलाखत ठरवली. जागा रिकाम्या होत्या, पात्रता होती, मुलाखतीची वेळही मिळाली. मुलगा वेस्ट इंडियन आहे हे कळल्यावर मुलाखत रद्द झाली. एप्रिलअखेर बसवर बहिष्कार जाहीर झाला. चार महिन्यांनी, २८ ऑगस्टला, कंपनीने भरतीतला वर्णभेद संपल्याचे जाहीर केले. योगायोग असा की त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचे ते प्रसिद्ध भाषण झाले. १७ सप्टेंबरला ब्रिस्टलच्या बसवर पहिला गोरा नसलेला कंडक्टर चढला, तो एक शीख होता, रघबीर सिंग.

ब्रिस्टलच्या कंपनीने एक उपकार केला होता. तिचे अधिकारी आपला वर्णभेद लपवत नव्हते. काळी माणसे घेतली तर गोरी माणसे नोकरी सोडून जातील, असे उघड सांगत होते. त्यामुळे पुराव्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न एवढाच होता की हे बेकायदा नव्हते! नोकरी देणाऱ्याने रंग पाहून दार लावले तर ब्रिटनचा कोणताही कायदा त्याला अडवत नव्हता.

इथे बाबासाहेबांची आठवण येणे अपरिहार्य आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी हीच गोष्ट पंचवीस वर्षे आधी मांडली होती. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणूनच का राहतो? त्याला साधा पोर्टरही का करत नाहीत? कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात, आणि अस्पृश्याला घरात कसे घेणार? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात त्याला प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. पगार जास्त असलेले खाते नेमके 'विटाळाचे' निघाले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचे प्रसिद्ध विधान याच परिषदेतले आहे. ते आपण पोस्टरवर लावतो, पण त्यामागे भरती आणि बढतीचा असा बारीक अभ्यास होता हे विसरतो.

ब्रिटनचा पहिला वंशसंबंध कायदा १९६५ मध्ये आला. हॉटेल, सिनेमागृह, सार्वजनिक वाहतूक यांतला भेद त्याने बेकायदा ठरवला. नोकरी आणि घर या दोन गोष्टी बाहेर ठेवल्या. म्हणजे बसमध्ये प्रवासी म्हणून बसता येईल, ड्रायव्हर म्हणून बसता येईलच असे नाही.

मग १९६७ मध्ये एक अभ्यास झाला. पोलिटिकल अँड इकॉनॉमिक प्लॅनिंग या संस्थेने तीन प्रकारची माणसे कामासाठी आणि घरासाठी एकाच दारात पाठवून पाहिली: एक गोरा इंग्रज, एक गोरा पण परदेशी हंगेरियन, आणि एक काळा किंवा आशियाई स्थलांतरित. नकाराचे कारण परकेपणा असता तर हंगेरियनलाही तोच अनुभव यायला हवा होता. तसे झाले नाही. दार बंद होत होते ते रंगाला. नोकरीतल्या भेदभावाचा पुरावा एकेका माणसाच्या तक्रारीतून मिळत नसेल तर तो असा मिळवता येतो, हे या अभ्यासाने दाखवले. हीच रीत पुढे भारतातही आली, त्याबद्दल खाली.

या अभ्यासानंतर १९६८ चा कायदा आला आणि नोकरी व घर त्यात आले. त्या विधेयकाच्या विरोधातच इनॉक पॉवेल यांनी एप्रिल १९६८ मध्ये बर्मिंगहॅमला ते कुप्रसिद्ध भाषण केले. पण विरोधकांना घाबरण्यासारखे त्यात फार नव्हते. अन्याय झालेल्या माणसाला स्वतः न्यायालयात जाता येत नव्हते. त्याने वंशसंबंध मंडळाकडे अर्ज करायचा, पुष्कळ प्रकरणे मालक आणि युनियन यांनी मिळून बनवलेल्या समित्यांकडेच जायची. ब्रिस्टलमध्ये ज्या दोघांनी मिळून दार लावले, तक्रारही त्याच दोघांपुढे! शिवाय कामगारांत वंशांचा 'वाजवी समतोल' राखण्यासाठी सद्भावनेने केलेला भेद चालेल अशी पळवाट होतीच. आपल्याकडे २००६ च्या सुमारास खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची मागणी जोरात असताना उद्योगपतींच्या संघटनांनी 'स्वेच्छेने' आचारसंहिता पुढे केली होती, तिचे गोत्र हेच.

कायद्यात दम नव्हता म्हणून आशियाई कामगारांनी संप केले. लॉफबरोच्या मॅन्सफिल्ड होजिअरीत १९७२ मध्ये, लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर्समध्ये १९७४ मध्ये. दोन्ही ठिकाणी मालकाशी लढताना युनियनशीही लढावे लागले. त्यानंतर १९७६ चा कायदा आला, आणि खरी कहाणी इथून सुरू होते.

१९७६ च्या कायद्याने अन्याय झालेल्या माणसाला थेट औद्योगिक न्यायाधिकरणात जाण्याचा हक्क दिला. अप्रत्यक्ष भेदभाव ही कल्पना आणली, म्हणजे नियम सगळ्यांना सारखा दिसतो पण त्याचा फटका एकाच समाजाला बसतो आणि त्या नियमाला पटण्यासारखे कारण नसते. आमच्या मते मात्र त्यातले सर्वांत दूरदृष्टीचे कलम दुसरे होते. त्याला तिकडे 'व्हिक्टिमायझेशन' म्हणतात. आपल्या कामगार चळवळीत याला 'आकसाची कारवाई' म्हणण्याची पद्धत आहे, तोच शब्द आम्ही वापरतो. या कलमाप्रमाणे, एखाद्याने भेदभावाची तक्रार केली, दुसऱ्याच्या तक्रारीत साक्ष दिली किंवा भेदभाव झाल्याचा आरोप केला, आणि त्या कारणाने त्याला इतरांपेक्षा वाईट वागवले, तर तो स्वतंत्र गुन्हा... गुन्हा म्हणण्यापेक्षा स्वतंत्र दावा. खोटा आणि बदहेतूने केलेला आरोप तेवढा वगळला.

यातली गंमत लक्षात घ्या. आकसाचा दावा करायला मूळ भेदभाव सिद्ध व्हावाच लागतो असे नाही. तुमची आधीची तक्रार फेटाळली गेली असली तरी ती प्रामाणिक होती एवढे पुरते. आणि तक्रारदार काळाच असला पाहिजे असेही नाही. काळ्या सहकाऱ्याच्या बाजूने साक्ष देणाऱ्या गोऱ्या कामगारालाही हे संरक्षण आहे. आपल्या ऑफिसात खरे काय घडले ते माहीत असूनही गप्प बसणारे जे 'चांगले' सवर्ण सहकारी असतात, त्यांच्या गप्प बसण्याचे अर्धे कारण हा धाकच असतो. उरलेल्या अर्ध्याचे त्यांनी पाहावे.

कलम लिहिले म्हणजे काम झाले असे नाही. कॉव्हेंट्रीतल्या टॅक्सीचालकांच्या एका कंपनीचा अझीझ नावाचा सभासद होता. आपल्याला वेगळी वागणूक मिळते असा त्याला संशय आला, म्हणून त्याने इतर चालकांशी झालेली बोलणी गुपचूप टेप केली. त्याची तक्रार न्यायाधिकरणात टिकली नाही, आणि टेपची गोष्ट बाहेर आल्यावर कंपनीने त्याला काढून टाकले. तो आकसाचा दावा घेऊन अपील न्यायालयापर्यंत गेला. १९८८ मध्ये न्यायालयाने म्हटले, टेप करणे ही कायद्याचे संरक्षण मिळण्याजोगी कृती असू शकते, पण त्याला काढले ते विश्वासघातासाठी. वंशाच्या तक्रारीशी संबंध नसलेल्या कारणासाठी टेप करणाऱ्यालाही त्यांनी काढलेच असते. दावा गेला. आज प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डिंगचे यंत्र आहे, म्हणून हे प्रकरण आम्ही मुद्दाम सांगतो.

पुराव्याच्या बाजूने मात्र त्याच काळात दोन चांगले निकाल आले. पहिला पुन्हा वाहतुकीतला. वेस्ट मिडलंड्सच्या प्रवासी वाहतूक संस्थेत सिंग नावाच्या इन्स्पेक्टरला वरचे पद नाकारले गेले. त्याने मागितले की याआधी अशा पदांसाठी गोरे किती आले, बिगरगोरे किती आले आणि कोणाकोणाला घेतले ते आकडे द्या. संस्थेचे म्हणणे, एका माणसाच्या दाव्यात जुन्या आकड्यांचे काय काम? १९८८ मध्येच अपील न्यायालयाने सांगितले, काम आहे. भेदभाव करणारा तो एकाच माणसाशी करत नाही. त्या समाजाच्या माणसांशी करतो, म्हणून त्याच्या सवयीचा मागोवा आकड्यांत मिळतो.

दुसरा निकाल १९९१ चा. ग्रेट ब्रिटन-चायना सेंटर नावाच्या संस्थेत उपसंचालकाच्या जागेसाठी किंग नावाच्या चिनी वंशाच्या बाईंनी अर्ज केला. अर्हता होती, तरी मुलाखतीलाही बोलावले नाही. चिनी वंशाच्या पाच उमेदवारांपैकी एकालाही बोलावले नव्हते, बोलावलेले सगळे गोरे. चीनशी मैत्री वाढवणारी संस्था, आणि तिथे चिनी वंशाचा माणूस कधी नेमलाच गेला नव्हता! अपील न्यायालयाने तेव्हा जे सांगितले ते आजही उपयोगी आहे. भेदभावाचा थेट पुरावा क्वचितच सापडतो. भेद करणारा तो कबूल करत नाही, पुष्कळदा स्वतःशीही नाही. म्हणून परिस्थितीवरून अनुमान काढायचे. समान पात्रता, वेगळा वंश, वेगळी वागणूक एवढे दिसले की न्यायाधिकरणाने मालकाकडे वळून विचारायचे, कारण काय? त्याला पटण्यासारखे कारण देता आले नाही तर वंशभेदाचे अनुमान काढायला मोकळीक आहे. "पुरावा काय?" हा प्रश्न इथे पहिल्यांदा उलटा फिरला. २००३ मध्ये नियम करून ही पुराव्याची जबाबदारी कायद्यातच घातली गेली.

आता ज्या प्रकरणावरून आम्ही या लेखाला नाव दिले तिकडे येऊ. नागराजन विरुद्ध लंडन रीजनल ट्रान्सपोर्ट. नागराजन भारतीय वंशाचे. लंडनच्या वाहतूक संस्थेविरुद्ध त्यांनी वंशभेदाच्या अनेक तक्रारी केलेल्या होत्या. पुढे प्रवाशांना माहिती देणाऱ्या साहाय्यकाच्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला. हेच काम त्यांनी त्याआधी काही महिने केलेही होते. मुलाखतीला तीन जणांचे पॅनेल. त्यात त्यांच्या बोलण्याच्या स्पष्टतेला, नीट मांडून सांगण्याच्या क्षमतेला गुण दिला अवघा एक. प्रवाशांना माहिती सांगायचे काम ज्याने प्रत्यक्ष करून दाखवले होते, त्याच्या बोलण्याला एक गुण! मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकाला तो माणूस फार 'व्यवस्थापनविरोधी' वाटला होता. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. आपल्याकडे 'चळवळीतला', 'नेतागिरी करणारा', 'कायदा दाखवणारा' म्हणतात.

औद्योगिक न्यायाधिकरणाने तो एक गुण हास्यास्पद ठरवला. निष्कर्ष काढला की पॅनेलवर जाणीवपूर्वक म्हणा की नकळत म्हणा, या माणसाच्या जुन्या तक्रारींचा प्रभाव होता. म्हणजे आकस. वरच्या अपील न्यायाधिकरणाने हे फिरवले, अपील न्यायालयानेही फिरवलेलेच ठेवले. त्यांचे म्हणणे असे की आकस म्हटला की मनात तसा हेतू हवा, नकळत कोणी सूड कसा घेईल?

प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे गेले आणि १५ जुलै १९९९ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने नागराजन जिंकले. लॉर्ड निकोल्स यांनी मांडलेला विचार थोडक्यात असा: माणसांच्या मनात समजुती आणि पूर्वग्रह असतात, पुष्कळदा ते स्वतः ओळखत नाहीत. आपण हे का केले याचे कारण त्यांना स्वतःलाही ठाऊक नसते. म्हणून कायद्याने पाहायचे ते एवढेच की जुनी तक्रार हे त्या निर्णयाचे महत्त्वाचे कारण होते का. हेतू, द्वेष, दुष्टपणा सिद्ध करण्याची गरज नाही. विरोधी मत देणारे लॉर्ड ब्राउन-विल्किन्सन यांना काळजी वाटली की नकळत वागणाऱ्या माणसावर भेदभाव करणारा म्हणून शिक्का बसेल. शिक्का कोणावर बसेल याची काळजी बड्या लोकांना नेहमी अशी एकाच बाजूने वाटते.

या निकालाचे मोल आपल्याला जास्त कळायला हवे. "मी जातपात मानत नाही" हे वाक्य आपल्या देशातला प्रत्येक मुलाखतकार मनापासून उच्चारतो. खोटे बोलतो असेही नाही. तो 'आत्मविश्वास', 'व्यक्तिमत्त्व', 'संवादकौशल्य', 'कौटुंबिक पार्श्वभूमी' या रकान्यांत गुण देतो आणि त्या रकान्यांतून जात आपोआप खाली गळते. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भारतातल्या मोठ्या कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून २००७ मध्ये हेच दाखवले. सगळे गुणवत्तेचे भक्त, आणि जवळपास सगळे घराण्याची चौकशी करणारे. आपल्या विद्यापीठांत राखीव जागांवर 'योग्य उमेदवार आढळला नाही' असा शेरा मारून जागा रिकाम्या ठेवतात, तो शेरा आणि नागराजनचा तो एक गुण सख्खी भावंडे आहेत.

ब्रिटनची गोष्ट इथेच सुखाने संपत नाही. दोनच वर्षांनी, २००१ मध्ये, खान नावाच्या पोलीस सार्जंटचे प्रकरण त्याच हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे आले. वेस्ट यॉर्कशरच्या पोलिसांविरुद्ध त्यांचा वंशभेदाचा दावा चालू होता. त्यांनी दुसऱ्या जिल्ह्याच्या पोलिसांत वरच्या पदासाठी अर्ज केला. तिकडून विचारणा झाल्यावर त्यांच्या वरिष्ठांनी शिफारसपत्र द्यायला नकार दिला. हा आकस नाही? लॉर्ड्सनी म्हटले, नाही. वरिष्ठ चालू खटल्यातली आपली कायदेशीर बाजू सांभाळत होते. शिफारसपत्र अडवणे हा भरतीतला सर्वांत सोपा सूड आहे, कारण नकार देणारी संस्था वेगळी आणि सूड घेणारी वेगळी. तिथे मात्र दार किलकिले राहिले.

२०१० च्या समानता कायद्याने जुने कायदे एकत्र केले आणि आकसाचे कलम सोपे केले. आता "तुमच्या जागी दुसरा असता तर त्याला कसे वागवले असते" अशी तुलना दाखवावी लागत नाही, तक्रारीमुळे नुकसान झाले एवढे दाखवले की पुरे. पण एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घ्यायला तीन वर्षेही लागली नाहीत. जुलै २०१३ पासून न्यायाधिकरणात जायला फी लावली, भेदभावाच्या दाव्याला एकूण १,२०० पौंड. नोकरी नाकारलेल्या माणसाने इतके पैसे आणायचे कुठून? दाव्यांची संख्या कोसळली. युनिसन या कामगार संघटनेने लढून जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून ही फी बेकायदा ठरवून घेतली. दुसरा घाव कमी गाजला. १९७६ पासून नाकारलेल्या उमेदवाराला मालकाकडे छापील प्रश्नावली पाठवता येत होती. कोणाला घेतले, त्यांची पात्रता काय, मला का नाही? उत्तर टाळले तर न्यायाधिकरण त्यावरून अनुमान काढू शके. एप्रिल २०१४ मध्ये ही प्रश्नावली रद्द झाली.

परिणाम २०२१ मध्ये दिसला. रॉयल मेलमध्ये टपाल वाटणाऱ्या एका काळ्या नायजेरियन माणसाने त्याच संस्थेत संगणकाच्या तीसहून अधिक जागांसाठी अर्ज केले. शिक्षण त्याच विषयातले. सगळीकडे नकार. एफोबी प्रकरण म्हणून ते ओळखले जाते. ज्यांनी नकार दिला त्या अधिकाऱ्यांना मालकाने साक्षीला आणलेच नाही. तरी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पहिली पायरी दावेदाराने स्वतःच्या पुराव्याने चढली पाहिजे, मालकाच्या मौनावरून आपोआप अनुमान निघत नाही. मात्र निवडलेले उमेदवार कोण होते, कोणत्या वंशाचे होते, हेच त्याच्याजवळ नव्हते. त्याने आणायचे कुठून?

आता जात. २०१० च्या कायद्यात अशी तरतूद ठेवली गेली की सरकार जातीला वंशाचा एक पैलू म्हणून त्यात आणू 'शकेल'. ब्रिटनमधल्या आंबेडकरी, रविदासी, वाल्मीकी संघटनांनी त्यासाठी मेहनत घेतली होती. डिसेंबर २०१० मध्ये सरकारनेच करवून घेतलेल्या संशोधनात कामाच्या जागी जातिभेद असल्याचे पुरावे मिळाले. २०१३ मध्ये संसदेने 'शकेल' चे 'आणलेच पाहिजे' केले. आणि हे ज्या कायद्याने केले, त्याच कायद्याच्या दुसऱ्या एका कलमाने ती प्रश्नावली रद्द केली होती! जातीला दारापर्यंत आणले आणि दाराआड काय चालते ते विचारायची सोय काढून घेतली.

पुढे तेही झाले नाही. डिसेंबर २०१४ मध्ये चांडोक विरुद्ध टिर्की प्रकरणात अपील न्यायाधिकरणाने म्हटले की आजच्या कायद्यातल्या 'वांशिक उगम' या शब्दांत काही वेळा जात बसू शकते. दावेदार बाई आदिवासी, घरकामाला भारतातून नेलेल्या. तिथे प्रश्न नाकारण्याचा नव्हता, निवडण्याचा होता. खालच्या जातीची बाई हूं की चूं न करता राबेल म्हणूनच तिला निवडले, असे तिचे म्हणणे होते. २०१५ मध्ये तिला किमान वेतनाच्या थकबाकीपोटी १,८३,००० पौंडांहून जास्त रक्कम मंजूर झाली. हाच निकाल पुढे करून सरकारने जुलै २०१८ मध्ये जाहीर केले की न्यायालय पाहून घेईल, स्वतंत्र तरतूद नको, संसदेने टाकलेले बंधनही काढून टाकू. एका गरीब बाईचा विजय इतर सगळ्यांचे कलम अडवायला वापरला गेला. कायद्यात जात आली तर हिंदूंची बदनामी होईल, असा प्रचार करणारे तिथेही होते, आणि ते कोण होते हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

हे सगळे वाचून आपल्याकडे पाहिले तर काय दिसते? डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष: सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढे बोलावले जाण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. हा १९६७ च्या त्या अभ्यासाचाच वंशज. ब्रिटनमध्ये त्या अभ्यासानंतर पुढच्याच वर्षी कायदा आला. आपल्याकडे थोरातांच्या अभ्यासानंतर दीड दशक उलटून गेले, खासगी भरतीतल्या भेदभावावर दिवाणी दाद देणारा कायदा नाही. सच्चर समितीने समान संधी आयोग सुचवला, माधव मेनन यांच्या तज्ज्ञगटाने २००८ मध्ये त्याचा आराखडा दिला. तो कागदावर राहिला.

आपल्याकडे जे आहे ते फौजदारी आहे. नागरी हक्क संरक्षण कायद्यात १९७६ च्याच दुरुस्तीने 'कोणत्याही कामावरील नोकरी' हे शब्द घातले गेले. हक्क बजावल्याचा सूड घेणाऱ्यालाही शिक्षा आहे. पीडित अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणाने झाले असे न्यायालयाने गृहीत धरायचे, हेही त्यात आहे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीतही नोकरीत अडथळा आणणे हा गुन्हा आहे. कागदावर पाहिले तर ब्रिटनच्या बरोबरीचे. पण सुरुवात पोलीस ठाण्यातून. मुलाखतीत एक गुण दिला म्हणून फिर्याद लिहून घ्या, असे ठाणे अंमलदाराला सांगून पाहा! आणि गुन्हा सिद्ध झाला तरी शिक्षा मिळेल मालकाला, नोकरी किंवा भरपाई उमेदवाराला मिळेलच असे नाही.

सरकारी भरतीत निदान माहितीचा अधिकार आहे. ब्रिटनने रद्द केलेल्या प्रश्नावलीचे काम आपल्याकडे २००५ पासून हा कायदा करू शकतो. निवड समितीचे गुणपत्रक, रकान्यांनुसार गुण, लेखी परीक्षेत वर असलेला उमेदवार मुलाखतीत खाली का आला, मागच्या पाच भरत्यांत राखीव जागा किती भरल्या, हे मागता येते. सिंग आणि किंग यांच्या वकिलांनी याच कागदांवर प्रकरणे उभी केली. आमचा तरुणांना आग्रह आहे की निकाल लागला की रागाच्या पोस्टबरोबर अर्जही टाकावा. जाहिरातीची प्रत, अर्जाची पोच, मुलाखतीची तारीख, विचारलेले प्रश्न त्याच संध्याकाळी लिहून ठेवावेत. एका जिल्ह्यातल्या दहा उमेदवारांचे कागद एकत्र केले तर त्यात काय दिसते ते पाहावे.

खासगी भरतीत तेही नाही. 'व्हिक्टिमायझेशन' हा शब्द महाराष्ट्राच्या कायद्याला परका आहे असे मात्र कोणी समजू नये. कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायदा, १९७१, याच्या चौथ्या अनुसूचीत पहिल्याच नोंदीत आकसाने कामावरून काढणे ही अनुचित प्रथा म्हणून लिहिलेली आहे. ते लिहून घेताना गिरणगावातल्या, रेल्वेतल्या आणि गोदीतल्या कामगारांचे लढे मागे होते. पण ते संरक्षण आत असलेल्या कामगाराला आहे. मुलाखतीच्या खुर्चीत बसलेला उमेदवार अजून कोणाचा कामगार झालेला नसतो, म्हणून मागच्या कंपनीत तक्रार केली या कारणाने पुढच्या कंपनीने त्याचा अर्ज बाजूला टाकला, तर तो कोणत्याच अनुसूचीत बसत नाही. खासगी आरक्षणाच्या मोर्च्यात आपण जी निवेदने देतो, त्यांत या उमेदवारासाठी एक ओळ आजवर नाही. पुढच्या निवेदनाचा मसुदा करताना ती घालावी असे आम्ही आमच्या जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांपुढे ठेवले आहे. मसुद्यावर ज्यांना काम करायचे आहे त्यांनी कळवावे.

जय भीम.